आजच्यापुरतं माग

आधी मन शांत कर आणि मग प्रार्थनेला बस, असं कुणी सांगितलं तर बाळा, ते ऐकू नकोस. तसं मन शांत व्हायची वाट बघत बसलीस, तर तुझ्या नर्सच्या नोकरीत ती वेळ कधी यायचीच नाही. रात्रपाळी, मग तुटक झोप, मग मेसचा डबा, मग घरचे फोन. परवा तू म्हणालीस, “आजी, प्रार्थना होतच नाही. डोळे मिटले की वॉर्डच दिसतो.” मग वॉर्ड घेऊनच बस. ज्या खाटेपाशी तुझा जीव अडकलाय, तीच खाट देवापुढे ठेव. एवढंच सांग, की ती बाई वाचेल की नाही मला ठाऊक नाही आणि मला भीती वाटते. झाली प्रार्थना. याच्यापेक्षा चांगली प्रार्थना मला माझ्या नर्सिंगच्या उभ्या आयुष्यात करता आलेली नाही.

तुझ्या आजोबांची आई, माझ्या आत्याबाई, बायबल बाई होत्या. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून पायी फिरायच्या. बायकांना वाचायला शिकवायच्या, बाळंतिणीपाशी बसायच्या, मयताच्या घरी रात्र काढायच्या. शाळा त्यांची थोडीच झालेली, पण पवित्र शास्त्र त्यांच्या जिभेवर होतं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती अशी: उद्याचं उद्या माग, आज आजच्यापुरतं माग. तेव्हा मला ते फार साधं वाटलं होतं. पुढे वॉर्डात, आणि घरातल्या आजारपणांत, मला दुसरं काही उपयोगी पडलं नाही.

त्यांनी ते निर्गमच्या सोळाव्या अध्यायातून उचललं होतं. मिसर देशातून निघालेले इस्राएल लोक रानात भुकेले झाले आणि देवानं त्यांना मान्ना दिला. माणशी एक ओमर, म्हणजे आपल्याकडचं साधारण दोन लिटरचं भांडं भरेल एवढा. रोज पहाटे उठायचं आणि त्या दिवसापुरतं वेचायचं. ज्यांनी उद्याची बेगमी म्हणून झाकून ठेवला, त्यांच्या भांड्यात सकाळी किडे. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढा दुप्पट मिळायचा आणि तो मात्र टिकायचा. असं चाळीस वर्षं चाललं. आत्याबाई म्हणायच्या, धीरही असाच मिळतो. त्याचं कोठार भरून ठेवता येत नाही. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेतसुद्धा भाकर मागायची ती आजची.

तू मला विचारलंस, “नोकरीचा बाँड संपेपर्यंत मला हे झेपेल का?” बाळा, हा प्रश्न देवाला विचारू नकोस, कारण त्याचं उत्तर तो आज देत नाही. आजची पाळी झेपेल का, एवढंच विचार. आणि पाळी फारच अवघड असेल तर पुढचा तास.

वेळेचं सांगते. पहाटेची प्रार्थना उत्तम, पण तुझी पहाट दुपारी दोनला होत असेल तर दुपारी दोनला ती पहाटेची प्रार्थना. उठल्यावर मोबाईल हातात घ्यायच्या आधी, इतकाच नियम ठेव. तो घेतलास की पंचवीस जणांची मागणी आधी तुझ्या डोक्यात शिरते आणि देवाचा नंबर रात्री लागतो. बसायची जागा एकच ठेव, हॉस्टेलच्या खाटेचा एक कोपरा असला तरी चालेल. रोज तीच जागा असली की शरीर आपोआप ओळखतं. आणि वेळ थोडा ठेव. तरुण मुलं एखाद्या संजीवन सभेला जाऊन येतात आणि ठरवतात, उद्यापासून रोज एक तास. आठवड्यात ते मोडतं, मग लाज वाटते, मग प्रार्थनेचं नावच नको वाटतं. चहा उकळून उतू जायच्या आत संपेल एवढी प्रार्थना वर्षानुवर्षं टिकते आणि ती आपोआप लांबते.

ड्युटीवर असताना वेगळी प्रार्थना लागते. हात धुवायचे ते मी तुला शिकवायला नको. साबणानं नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात आणि प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली की तेवढ्यात पुरी होते. दोन पेशंटच्या मधे हात धुशील तेव्हा ती मनात म्हण. हात धुणं कमी होणार नाही आणि प्रार्थनाही नाही. मी माझ्या विद्यार्थिनींनाही हेच सांगायची, त्यातल्या हिंदू आणि मुसलमान मुलींना सांगायची की तुमचं जे असेल ते म्हणा.

आणि कधी तर तेवढाही वेळ नसतो. नहेम्याला नव्हता. तो अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमेची तटबंदी पडलीय ही बातमी त्याला किस्लेव महिन्यात कळली होती. राजानं त्याचा उतरलेला चेहरा पाहून “तुला काय हवं?” असं विचारलं तेव्हा नीसान महिना लागला होता. राजाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर यांच्यामधे नहेम्यानं देवाची प्रार्थना केली, असं लिहिलंय. एका श्वासाची प्रार्थना. पण मधल्या चार महिन्यांत तो रडला होता, उपाशी राहिला होता, देवाशी खूप बोलला होता, हे विसरू नकोस. त्या लांब प्रार्थनांच्या जोरावर ही आखूड प्रार्थना उभी राहिली. सलाईन लावताना शीर सापडत नाही आणि नातेवाईक डोक्यावर उभे आहेत, अशा वेळी “प्रभू, हात स्थिर ठेव” एवढं पुरतं, कारण तू सकाळी त्याच्याशी बोललेली असतेस.

पेशंटपुढे मात्र धर्म सांगू नकोस. अंथरुणाला खिळलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून त्याला ऐकवणं बरं नाही. कुणी आपणहून म्हणाला, “सिस्टर, माझ्यासाठी तुमच्या देवाला सांगा,” तर तिथंच दोन वाक्यं बोल. “तुमच्यासाठी प्रार्थना करेन” असं म्हणून पुढे जाऊ नकोस. पुढच्या खाटेपाशी पोचेपर्यंत ते विसरायला होतं, आणि त्या माणसाला तर त्याच वेळी हवं असतं.

आता स्तोत्रांचं. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण आपलं शब्दभांडार आटतं तेव्हा तेच उपयोगी येतं. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं. आजची तारीख घे, त्यात तीस मिळव, परत तीस मिळव. १० तारीख असेल तर १०, ४०, ७०, १०० आणि १३०. पाचही वाचलीस तर महिन्यात सगळं पुस्तक होतं. तुला पाच झेपायची नाहीत, तर पाचांवरून नजर फिरव आणि ज्या स्तोत्रावर मन थांबेल ते एकच वाच, पण मोठ्यानं वाच, निदान ओठ हलू देत. ११९वं स्तोत्र २९ तारखेला येतं, ते १७६ ओव्यांचं आहे. ते बाजूला काढ आणि ३१ तारखेसाठी ठेव, कारण त्या दिवशी हिशेबात दुसरं काही येत नाही.

असं तारखेनं वाचण्यात एक गोम आहे. आपण मनाला आवडतील ती स्तोत्रं वाचायला लागलो की तेविसावं, एकशेएकविसावं आणि एक्याण्णवावं यांच्यापलीकडे जात नाही. तारीख आपल्याला रडणाऱ्या स्तोत्रांपाशीही नेते. १३ तारखेला १३वं. तिथं माणूस देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? २८ तारखेला ८८वं. ते हेमानाच्या नावावर आहे, आणि सगळ्या स्तोत्रांत सर्वांत काळं. बाकीची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटाला येईपर्यंत कुठं तरी वळतात, आभार मानतात. हे वळतच नाही. अंधारातच थांबतं. मी तरुण असताना मला प्रश्न पडायचा, की हे पवित्र शास्त्रात ठेवलं कशाला? बाळंतपणात लेकरू गेलेल्या एका बाईपाशी मी रात्रभर बसले, तेव्हा मला कळलं. अशा माणसाला आपल्या तोंडचे शब्द देवाच्या पुस्तकात आधीच लिहिलेले सापडावेत, म्हणून. देवाला हे ऐकायचं नसतं तर त्यानं ते ठेवलं नसतं. आणि बघ, त्याच २८ तारखेच्या यादीत ११८वं आभाराचं आहे आणि १४८वं सगळ्या सृष्टीच्या स्तुतीचं. ८८वं गाळून ११८व्याकडे पळू नकोस. दोन्ही वाच.

रात्रपाळीवाल्या बायकांचं स्तोत्र मात्र १३०वं. जीव पहाटेची वाट बघणाऱ्या पहारेकऱ्यांपेक्षाही जास्त आतुरतेनं प्रभूची वाट बघतो, असं त्यात आहे, आणि ती पहारेकऱ्यांची गोष्ट लागोपाठ दोनदा येते. रात्री साडेतीनला खिडकीबाहेर बघत कधी उजाडतंय असं ज्याला झालंय, त्याला ती दोनदा का येते हे समजावून सांगावं लागत नाही. पहारेकऱ्याला पहाट लवकर आणता येत नाही. पण ती येणार याबद्दल त्याला शंका नसते. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमेला सणासाठी चढून जाताना म्हणत, असं मानतात. बहुतेक सगळी आखूड आहेत. यातलं एखादं पाठ कर.

विलापगीताचं पुस्तकही एकदा निवांत वाच. पाच अध्याय. नगर जळून गेलंय, लेकरं भुकेनं रस्त्यात पडतायत. पहिला, दुसरा, चौथा आणि पाचवा अध्याय प्रत्येकी २२ ओव्यांचा, मधला तिसरा ६६ ओव्यांचा. देवाची दया रोज सकाळी नवी होते, ही गोष्ट याच पुस्तकात आहे, आणि ती आहे बरोबर मधे, तिसऱ्या अध्यायात. ती सांगितल्यावर रडणं थांबत नाही. पुढे पुन्हा रडणं सुरू होतं आणि पुस्तक प्रश्नावरच संपतं. नाताळच्या कार्डांवर आपण ती एवढीच ओळ छापतो, तेव्हा ती राखेत बसलेल्या माणसानं म्हटलेली आहे हे नाहीसं होतं. मला वाटतं, आशा अशीच येते, दुःखाच्या मधोमध. दुःख संपल्यावरच ती येईल असं धरून बसलीस तर जे मिळालंय तेही दिसायचं नाही.

हन्नेची गोष्ट तुला लहानपणी संडे स्कूलमध्ये सांगितलीय. पण त्यातली एक जागा शिक्षक घाईत सोडून देतात. मूल नाही म्हणून ती शिलोच्या मंदिरात रडत प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज येत नाही. एली याजकाला वाटतं ही प्यालेली आहे. ती सांगते, मी माझं मन ओतत होते. एली तिला शांतीनं जा म्हणतो. आणि मग लिहिलंय, की ती गेली, जेवली आणि तिचा चेहरा उदास राहिला नाही. शमुवेल अजून पोटातसुद्धा नाही! उत्तर मिळायच्या आधी ती जेवली. प्रार्थनेनं काय होतं असं कुणी विचारलं तर मी मुलाचं सांगत नाही, हे जेवणाचं सांगते.

जेवणावरून एलीया आठवला. तू परवा म्हणालीस की सगळं नकोसं वाटतं. ते मी ऐकलंय, म्हणून हे लक्ष देऊन वाच. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा. ईजबेल राणीनं जिवाची धमकी दिली आणि तो पळाला, रानात रतामाच्या झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता माझा जीव घे. देवानं त्याला काय केलं? उपदेश नाही, रागावणं नाही. त्याला झोप लागली. देवदूतानं उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाला ठेवली. खाऊन तो पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला घातलं. प्रवास मोठा आहे, तुला झेपायचा नाही, असं म्हणून. होरेब डोंगर, तो मंद आवाज, हे सगळं त्याच्या नंतरचं. मी परिचारिका आहे, म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आधी झोप, आधी अन्न. तीन रात्री झोप न झालेल्या माणसाच्या विश्वासाची परीक्षा घेऊ नये, स्वतःचीसुद्धा.

आणि दोन आठवडे होऊनही झोप येत नाही, अन्न जात नाही, सारखं मरणाचं मनात येतं, तर डॉक्टरकडे जायचं. मनाच्या डॉक्टरकडे. लाजायचं नाही. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ हा तिचा नंबर. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. मधुमेहाची गोळी तू पेशंटला देतेसच ना, आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही करतेस.

होरेबवर एलीया दोनदा म्हणाला, मी एकटाच उरलोय. देवानं त्याला सांगितलं की सात हजार आहेत, आणि कामाला जोडीदार म्हणून अलीशा दिला. एकटेपणावर देवानं माणूस दिला, हे ध्यानात ठेव.

पुण्यात तू अजून कुठल्याच मंडळीत गेली नाहीस, हे मला आवडलेलं नाही. चर्च मोठं बघू नकोस, ओळखीचंच हवं असंही नाही. ज्या मंडळीत रविवारी तू दिसली नाहीस तर बुधवारी कुणीतरी फोन करेल, ती आपली. रविवारी ड्युटी असली तर आठवड्यातल्या घरगुती प्रार्थनेला जा. पाच-सात जणांत बसून एकीनं साक्ष सांगायची, एकानं वाचायचं, शेवटी चहा, याच्यात मला मोठ्या सभांपेक्षा जास्त धीर मिळालाय. पूर्वी चूल विझली की बाया शेजारणीकडून पळीभर विस्तव आणायच्या. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे, आज हिची विझली, उद्या तिची. प्रार्थनेचंही तसंच. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं, आणि येशूनं विश्वास पाहिला तो त्या लोकांचा. खाटेवरच्या माणसानं काही म्हटल्याचं लिहिलेलं नाही. तुला एक शब्द बोलवत नसेल तेव्हा कुणालातरी सांग, आज तू माझ्यासाठी बोल.

गाणं विसरू नकोस. आपल्याकडे घराघरात ‘उपासना संगीत’ असतं. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यानंतर त्यांनी जी गायनं लिहिली ती इथल्या मातीतल्या चालींवर, भजनाच्या, अभंगाच्या, ओवीच्या. त्याच्याही आधीपासून कृष्णराव सांगळ्यांसारखे लोक नगरकडे कीर्तनातून शुभवर्तमान सांगत होते. म्हणून ती गायनं आपल्या बायकांच्या जात्यावर आणि पाळण्यापाशी सहज गेली. दोन-तीन पूर्ण पाठ कर, सगळ्या कडव्यांसकट. मी स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा केलीय. लेकाचं नाव आठवत नाही, पण लहानपणचं गायन सुरू केलं की पुढचं कडवं ती म्हणतात. आत्ता पाठ केलेलं तेव्हा उपयोगी येतं. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात खोड्यात पाय अडकलेले, पाठीवर फटक्यांचे वळ, आणि मध्यरात्री गात होते. अंधारात त्यांच्याजवळ कुठलं पुस्तक असणार? जे पाठ होतं तेच.

दुःख फार झालं तर हाताला काम दे, आणि तेही रोजच्यापुरतं. हे मी पंडिता रमाबाईंवरून सांगते. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईबाप गेले, बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ, १८८२मध्ये नवरा. आणि १९२१मध्ये एकुलती एक लेक मनोरमा, जिच्यावर केडगावच्या मुक्ती मिशनचा सगळा भार सोपवायचा होता. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं भाषांतर करत होत्या, अडाणी बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत. ते त्यांनी खाली ठेवलं नाही. मुक्तीतल्याच मुली छापखान्यात खिळे जुळवत होत्या. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या, त्याआधी भाषांतर हातावेगळं झालं होतं. ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचंही बघ. लग्नानंतर अक्षरं गिरवलेली बाई. १९१९मध्ये नवरा गेला, त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं, ते यांनी पुढे लिहिलं. दोघींनाही रडू आलं नसेल असं मी म्हणत नाही. पण रडून झालं की त्या उठून मेजापाशी बसत असणार.

आता जे सांगते ते जरा कडक आहे. तुला असे लोक भेटतील जे म्हणतील, विश्वास पुरेसा असता तर पेशंट बरा झाला असता. त्यांचं ऐकू नकोस, मग ते कितीही मोठ्या मंचावरून बोलत असोत. पौलानं अंगातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता? गेथशेमाने बागेत येशूनंही तीनदा तेच मागितलं, आणि प्याला टळला नाही. लेकरू गेलेल्या आईला तुझा विश्वास कमी पडला असं सांगणारा माणूस तिच्या दुःखावर पाप चढवतो. तू तसं कधी बोलू नकोस, आणि कुणी तुझ्यादेखत बोललं तर त्या आईला तिथून बाजूला घेऊन जा.

आणि काही काळ असा येईल की प्रार्थनेत काहीच वाटणार नाही. कोरडं. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७मध्ये पुस्तकात आली तेव्हा कित्येकांना धक्का बसला, की या बाईंनी इतकी वर्षं आतून अंधार सोसला. मला तो मोठा आधार वाटला. त्यांनी प्रार्थनेचा तास सोडला नाही आणि रस्त्यावरचा माणूस उचलणंही सोडलं नाही. काही वाटलं नाही तरी बस. बसल्याचं देवाला कळतं.

रात्रीची प्रार्थना मला एका वसईच्या मुलीनं शिकवली. नर्सिंगच्या हॉस्टेलात ती माझ्या खोलीत होती. ती कॅथलिक, मी आपली नगरची प्रॉटेस्टंट. तिच्या घरी संध्याकाळी सगळे मिळून जपमाळ म्हणायचे. संत इग्नाती लोयोलांनी सांगितलेली दिवसाची उजळणी तिला फादरांनी शिकवली होती. अंथरुणावर पडल्यावर सकाळपासूनचा दिवस हळूहळू आठवायचा. जिथं काही चांगलं मिळालं तिथं थांबून आभार. जिथं आपण कुणाला दुखावलं तिथं थांबून क्षमा. आणि उद्याच्या एका गोष्टीसाठी मदत. मोठं काही शोधू नकोस. आयानं तुझ्यासाठी अर्धा कप चहा झाकून ठेवला होता, एवढं आठवलं तरी भरपूर आहे. मला बहुतेक वेळा दुपारच्या पुढे जाता येत नाही, झोप लागते. ती मुलगी म्हणायची, ती झोपही प्रार्थनेतच धरायची.

एक छोटी वही कर. ज्यांच्यासाठी मागतेस त्यांचं नाव आणि तारीख, बाकी काही नको. पेशंटचं पूर्ण नाव लिहू नकोस, ते त्यांचं गुपित आहे. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला जाशील तेव्हा ती एकदा चाळ. काही नावांपाशी आनंद होईल, काही नावांपाशी रडू येईल. दोन्ही घेऊन नव्या वर्षात जायचं.

त्या वहीत माझंही नाव घाल. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात साधं आहे, आणि मीही इतरांना तेच सांगत आले, पण माझ्याच डोळ्याचं म्हटल्यावर मला भीती वाटते. बारीक अक्षर आता लागत नाही. तेव्हा तुझी ड्युटी बघून मला फोन कर आणि तारखेचं एक स्तोत्र वाचून दाखव. २८ तारखेला फोन केलास तर ८८वं गाळू नकोस, मी ऐकेन. आणि फोनवर असताना जेवलीस का हे मी विचारणार आहे, तेव्हा आधी जेवून घे.